सीए-१२५ : पिशवीच्या कॅन्सरमधला उसना आकडा

पाळी बंद होऊन काही वर्षं झाल्यावर पुन्हा अंगावर जायला लागतं, बायोप्सीत गर्भाशयाच्या, म्हणजे पिशवीच्या, अस्तराचा कॅन्सर निघतो आणि ऑपरेशनआधीच्या रक्ततपासण्यांत बरेचदा सीए-१२५ या प्रथिनाची तपासणी असते. ३५ च्या आत हवा, आला ८०. मग घरच्यांचं बाकीच्या रिपोर्टकडे लक्षच जात नाही.

ही ३५ ची रेघ मुळात या कॅन्सरसाठी आखलेलीच नाही. अमेरिकेत रॉबर्ट बास्ट आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये सीए-१२५ ओळखणारं प्रतिपिंड तयार केलं, ते अंडाशयाच्या कॅन्सरसाठी. १९८३ मध्ये त्यांनी निरोगी रक्तदात्यांचं रक्त तपासलं, तेव्हा ३५ च्या वर जेमतेम १ टक्का लोक निघाले. पिशवीच्या कॅन्सरने ती रेघ उसनी घेतली.

तरी हा आकडा निरुपयोगी नाही. सीए-१२५ हे एक मोठं, साखरेच्या साखळ्या लगडलेलं प्रथिन. गर्भाशयाचं अस्तर ते बनवतं, तसंच पोटाच्या आतलं पातळ आवरणही बनवतं. कॅन्सर पिशवीतच असेल तर रक्तातलं प्रमाण बहुधा फारसं वाढत नाही. तो स्नायूत खोल शिरला, लसीकाग्रंथींत किंवा पोटाच्या आवरणापर्यंत पोचला, की वाढण्याची शक्यता बळावते. ऑपरेशनआधी आकडा जास्त असलेल्या स्त्रियांमध्ये आजार पसरलेला असण्याचं आणि पुढे उलटण्याचं प्रमाण अधिक दिसतं, ते यामुळे. सर्जन अशा वेळी स्कॅन आणि ग्रंथी जास्त बारकाईने पाहतात.

पण पोटाच्या त्या आवरणाला चिडायला कॅन्सरच लागतो असं नाही. पोटाचा टीबी, एंडोमेट्रिओसिस (पिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढणं), लिव्हर खराब होऊन पोटात साठलेलं पाणी, नुकतंच झालेलं ऑपरेशन, कशानेही आकडा चढतो. आपल्याकडे टीबी विसरून हा रिपोर्ट वाचणं धोक्याचंच. उलट बाजूही आहे : आजार पसरूनही आकडा नॉर्मल राहिलेल्या स्त्रिया असतात.

रक्तातला दुसरा मार्कर, म्हणजे कॅन्सरची खूण देणारा पदार्थ, एचई-४. एंडोमेट्रिओसिस किंवा फायब्रॉइडने तो सहसा फसत नाही, आणि या कॅन्सरमध्ये सीए-१२५ पेक्षा बरेचदा सरस ठरतो. मात्र वय वाढलं, किडनी कमजोर झाली की तोही वाढतो. हा कॅन्सर प्रामुख्याने पाळी गेलेल्या स्त्रियांना होतो, त्यांतल्या अनेकींना मधुमेह असतो, म्हणजे अडचण नेमकी इथेच.

पुढे काय होणार याचा भक्कम अंदाज अजूनही काढलेल्या पिशवीच्या तपासणीतूनच येतो. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सर जीनोम प्रकल्पाने या कॅन्सरचे चार जनुकीय गट पाडले. 'पोल' जनुकात बिघाड असलेल्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली अनेकदा भयंकर दिसतात, पण त्या स्त्रिया बहुधा छान बऱ्या होतात; पी-५३ हे जनुक बिघडलेल्या गाठी मात्र चिवट. आजार कोणत्या टप्प्यावर आहे हे ठरवणाऱ्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय टप्पेवारीत या माहितीला जागा मिळाली. हा फरक सीए-१२५ ला कळत नाही.

उपचारांनंतर दर खेपेला सीए-१२५ तपासायची घाई मला तरी पटत नाही. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये, जिथला तो हक्काचा मार्कर, तिथेही आकडा वाढताच केमो सुरू केल्याने आयुष्य वाढलं नाही, असं २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं. पिशवीच्या कॅन्सरमध्ये आधी वाढलेला असेल तर पुढे लक्ष ठेवायला तो कामाचा, पण रेडिएशननंतर नुसत्या दाहानेही चढू शकतो. आधीपासून नॉर्मल असेल, तर पुन्हा अंगावर जातंय का, पोटात किंवा कंबरेत दुखतंय का, हे डॉक्टरांना सांगणं आणि वेळच्या वेळी आतून तपासून घेणं जास्त उपयोगाचं.