वाळलेलं शेण आणि कुजलेलं शेणखत: पालेभाजीच्या वाफ्यात कोणतं घालावं?

उन्हात पडून वाळलेलं शेण हाताने चुरलं की ते हुबेहूब खतासारखं दिसतं. तपकिरी, भुसभुशीत, फारसा वास नाही. नीट कुजलेलं शेणखतही साधारण असंच दिसतं, म्हणून दोन्ही 'जुनं खत' याच नावाने विकली जातात. 'वर्षभर उकिरड्यावर पडून आहे, म्हणजे कुजलंच असणार' हा हिशेब उसाला खपून जातो. मेथी-कोथिंबिरीला खपत नाही, आणि त्याचं कारण पिकाच्या दिवसांत आहे.

अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत एक अट आहे. खाण्याचा भाग मातीला लागतो अशा पिकाला कच्चं शेण घातलं, तर त्यानंतर किमान 120 दिवस काढणी करायची नाही. मातीला न लागणाऱ्या पिकांसाठी हीच मुदत 90 दिवसांची. आता आपल्याकडची मेथी बघा. पेरल्यापासून महिन्याभरात ती उपटून जुडी बांधलेली असते. कोथिंबीर फार तर दीड महिना. उसाला घातलेलं अर्धकच्चं खत कुजायला मातीला वर्षभर सवड मिळते, पालेभाजी तेवढी सवड देतच नाही. म्हणून पालेभाजीचं खत ढिगातच पूर्ण कुजून वाफ्यात यायला हवं.

शिवाय आपण मेथी आणि कोथिंबीर मुळासकट उपटतो. मुळांना चिकटलेली माती जुडीबरोबर थेट ओट्यावर येते. पाणी देताना किंवा पावसात उडालेले शिंतोडे खालच्या पानांवर बसतात. कोथिंबीर तर आपण शिजवतही नाही, भाकरीबरोबर कोवळी मेथीही बरेच जण कच्चीच खातात.

वाळणं म्हणजे फक्त पाणी उडून जाणं. उन्हात शेणातला नत्राचा काही भाग अमोनिया होऊन हवेत जातो, त्यामुळे खताचा कस उतरतो. पण जनावरांच्या आतड्यातले ई. कोलाय, साल्मोनेला यांसारखे जंतू निव्वळ वाळल्याने सगळे मरतील याचा भरवसा नाही. कमी झालेले जंतू ओल मिळाल्यावर पुन्हा वाढू शकतात, आणि पालेभाजीच्या वाफ्यात ओल कायमच असते. गुरांनी चरताना खाल्लेलं तणाचं बीही शेणातून जिवंत बाहेर पडतं. फोकून पेरलेल्या दाट मेथीत हे तण खुरपता येत नाही, शेवटी जुडीतूनच निवडावं लागतं.

कुजणं ही वेगळीच क्रिया आहे. शेण, गोमूत्राने भिजलेला गोठ्यातला केर, गव्हाणीतला चघळ, पालापाचोळा असं सगळं मिसळून मीटर-दीड मीटर उंच ढीग केला की जिवाणू कामाला लागतात आणि त्यांच्या कामानेच ढीग आतून तापतो. ओलावा किती हवा? मूठ दाबल्यावर हात ओला व्हावा, फार तर एखाद-दुसरा थेंब गळावा, धार लागू नये. उघड्यावरच्या लांबट ढिगासाठी त्याच अमेरिकी नियमांत 55 अंश सेल्सियसच्या वर 15 दिवस आणि तेवढ्यात किमान 5 वेळा पलटी, असं माप दिलं आहे. पलटी टाळू नये, कारण ढीग तापतो तो मध्यभागी. कडेचं शेण थंडच राहतं, ते आत गेल्याशिवाय त्याला आच लागत नाही. आपला नेहमीचा उकिरडा इथेच कमी पडतो: रोज वरून ताजं शेण पडतं, परतलं कधीच जात नाही, आणि उपसताना जुनं-ताजं एकत्रच पाटीत येतं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांची नाडेप टाकी (10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच, भिंतीत हवेसाठी भोकं) थोड्या शेणात भरपूर खत देते, आणि ती मला फार मोलाची वाटते. पण तिच्यात पलटी नसते. तिच्यातलं खत कच्च्या खायच्या भाज्यांना घालायचं तर तयार झाल्यावरही काही महिने मुरू द्यावं. गांडूळखतातही ढीग तापत नाही, कारण तापला तर गांडुळंच मरतील. म्हणून गांडुळांना द्यायचं शेण आधी तापून निवलेलं असावं.

खत पुरतं मुरलंय का ते घरी पाहता येतं. मूठभर ओलसर खत पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवा. उघडल्यावर मातीचा वास आला तर ठीक, अमोनिया किंवा कुबट वास आला तर अजून कच्चं आहे. दुसरी परीक्षा अळिवाची. एक भाग खत दहा भाग पाण्यात कालवून गाळा. एका ताटलीत या पाण्याने आणि दुसरीत साध्या पाण्याने टिपकागद भिजवून दोन्हींवर अळीव पसरा. दोन-तीन दिवसांत खताच्या पाण्यातली मुळं आखूड किंवा तपकिरी राहिली, तर कोवळ्या पालकाचंही तेच होणार. मात्र या दोन्ही परीक्षा खत मुरल्याचं सांगतात, जंतू मेल्याचं नाही. त्यासाठी ढिगात थर्मामीटर घालून रोजचं तापमान लिहून ठेवणं एवढाच मार्ग आहे. खत विकत घेत असाल तर विकणाऱ्याला हेच विचारा.

असं खत गुंठ्याला 100 ते 200 किलो, पेरणीआधी मातीत नीट मिसळून द्यावं. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का असतं आणि ते हळूहळू सुटतं, त्यामुळे पीक उभं असताना वरून खत फेकून फायदा थोडा आणि पानं खराब होण्याचा धोका मोठा. शेणाची स्लरी किंवा जीवामृत उभ्या पालेभाजीवर फवारणं मला मुळीच पटत नाही. ते कच्चं शेणच आहे, आणि तेही थेट पानावर.

तयार खत झाकून ठेवा आणि गोठ्याच्या उताराखाली तर ठेवूच नका. ताजं शेण उचललेलं फावडं आणि घमेलं धुतल्याशिवाय त्या ढिगाला लावू नका.