ओले बोट आणि आंधळी काच

गेल्या वर्षी अमेरिकेत, फ्लोरिडातल्या टँपाला नणंदेकडे गेलो होतो, तेव्हा एक अख्खा दिवस ऑर्लँडोसाठी राखून ठेवला होता. सकाळी तिथल्या एका थीम पार्कच्या दारावर सासूबाईंनी कार्ड टेकवले, काचेवर तर्जनी ठेवली आणि आत गेल्या. दुपारी पाण्याच्या राइडमध्ये आम्ही सगळे नखशिखान्त भिजलो, गाडीत जाऊन डबे खाल्ले आणि परत दाराशी आलो. आता काही त्यांचे बोट लागेना. एकदा, दोनदा, तीनदा. मागे रांग खोळंबलेली. सासूबाई ओशाळल्या, माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अगं, तिकडं रेशनला अंगठा लागत नाही, इथं बोट लागत नाही. माझ्या हातातच काही राहिलं नाही का?" दारावरच्या मुलीने कागदी रुमाल दिला, बोट पुसायला लावले आणि चौथ्या वेळी दिवा हिरवा झाला.

त्यांचा तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. मी भौतिकशास्त्र शिकवते आणि त्यांना उत्तर देण्याचे तिथल्या तिथे मला सुचले नाही, म्हणून हा लेख. दुसरे कारण म्हणजे परत येईपर्यंत नात्यातल्या ग्रुपवर एक निरोप फिरून गेला होता: अमेरिकेत जत्रेच्या दारातच सगळ्यांचे ठसे घेऊन पोलिसांकडे पाठवतात.

आधी हे यंत्र तिथे असते कशाला ते सांगते. या पद्धतीचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण म्हणजे ऑर्लँडोजवळचे वॉल्ट डिस्ने वर्ल्ड. तिथे अनेक दिवसांचे एकत्र तिकीट घेतले तर दिवसागणिक दर कमी होत जातो. साहजिकच पाच दिवसांचे तिकीट घ्यायचे, तीन दिवस फिरायचे आणि उरलेले दोन दिवस दुसऱ्याला विकायचे, असा धंदा चालायचा. फ्लोरिडाच्या कायद्याने असे उरलेले तिकीट विकणे गुन्हा आहे, पण दारावर तो पकडायचा कसा? म्हणून १९९६ पासून वार्षिक पासवाल्यांसाठी तिथे हाताची मापे घेणारे यंत्र आले. तर्जनी आणि मधले बोट इंग्रजी 'व्ही'सारखे फाकवून खुंट्यांमध्ये घालायचे, यंत्र बोटांची लांबी-जाडी मोजायचे. ठशाशी त्याचा काहीच संबंध नव्हता. पुढे २००६च्या सुमारास त्याची जागा एका बोटाचे टोक टेकवण्याच्या यंत्राने घेतली, आणि ते सगळ्याच तिकिटांना लागू झाले.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. पोलिसांच्या ठसे विभागात प्रश्न असतो, 'लाखो लोकांपैकी हा ठसा कोणाचा?' दारावरचा प्रश्न फार लहान असतो. कार्डाने आधीच सांगितलेले असते की हे अमुक क्रमांकाचे तिकीट. यंत्र फक्त एवढेच बघते की पहिल्या दिवशी या तिकिटाबरोबर जे बोट लावले होते, तेच हे आहे का. एकास एक. त्यामुळे नवराबायकोची कार्डे अदलाबदल झाली की दोघेही अडकतात. काल उजवी तर्जनी लावली होती की डावी हे विसरणारेही अडकतात. डिस्नेच्या दारावर जुळले की दिव्याचे कडे हिरवे होते, नाही तर निळे, आणि मग कर्मचारी येऊन बघतो. मुळात बोट द्यायचेच नसेल तर छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवूनही आत जाता येते. २०१६ साली ३ ते ९ वर्षांच्या मुलांचेही बोट घ्यायला सुरुवात झाली, तेव्हाही पालकांना मुलाऐवजी स्वतःचे बोट लावण्याची मुभा होती.

आता सासूबाईंच्या बोटाकडे येऊ.

तुम्ही लेख वाचता वाचता एक प्रयोग करा. सरळ काचेचा पारदर्शक ग्लास घ्या, पाण्याने भरा, बाहेरून कोरडा पुसा आणि हातात धरा. आता वरून, पाण्याच्या पृष्ठभागातून आत, ग्लासच्या भिंतीकडे बघा. भिंत आरशासारखी चंदेरी दिसेल, पलीकडचे काही दिसणार नाही. पण जिथे तुमची बोटे घट्ट टेकली आहेत, तिथे बोटांवरच्या रेषा स्वच्छ उमटलेल्या दिसतील. पोलिसांच्या शाईच्या ठशाहूनही रेखीव. मी हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा ग्लास खाली ठेववेना.

हे का होते? दहावीला आपण शिकलो होतो की प्रकाश घन माध्यमातून विरळ माध्यमात जाताना फार तिरका आला तर बाहेर पडतच नाही, सगळाच्या सगळा मागे फिरतो. पूर्ण आंतरिक परावर्तन. किती तिरका, ते दोन माध्यमांच्या अपवर्तनांकांवर, म्हणजे कोणते माध्यम प्रकाशाला किती वळवते या मापावर ठरते. काचेचा अपवर्तनांक साधारण १.५, हवेचा १. म्हणजे काचेतून हवेकडे निघालेला प्रकाश लंबाशी ४२ अंशांहून जास्त कोन करत असेल तर तो परत फिरणार. हा झाला क्रांतिक कोन.

ठसे वाचणाऱ्या नेहमीच्या प्रकाशीय यंत्रात एक काचेचा लोलक असतो आणि त्यात प्रकाश साधारण ४५ अंशांच्या आसपास सोडलेला असतो. बोट टेकवले की त्यावरचे उंचवटे काचेला चिकटतात. दोन उंचवट्यांमधल्या खाचा चिकटत नाहीत, तिथे हवा राहते. दोन उंचवट्यांमध्ये अंतर असते जेमतेम अर्धा मिलिमीटर. खाचेपाशी काचेला हवा दिसते, ४५ अंश ४२ हून जास्त, म्हणून प्रकाश परत फिरतो आणि कॅमेऱ्यात ती जागा उजळ दिसते. उंचवट्यापाशी हवेऐवजी कातडी असते, तिचा अपवर्तनांक १.४च्या आसपास, तिथे प्रकाश बाहेर निसटतो आणि कातडीत विरून जातो. ती जागा काळी. काळ्या-उजळ रेषांचे चित्र तयार.

म्हणजे यंत्र बोट पाहतच नाही! ते पाहते खाचांमध्ये अडकलेली हवा. बोट आणि काच यांची गाठ जिथे पडली आणि जिथे पडली नाही, त्याचा तो नकाशा आहे.

आता त्या खाचांमध्ये पाणी भरा. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, त्यामुळे काच आणि पाणी यांच्यामधला क्रांतिक कोन होतो जवळजवळ ६३ अंश. आपला प्रकाश ४५ अंशांवरच आहे. तो आता खाचेपाशीही परत फिरत नाही, निसटतो. उंचवटाही काळा, खाचही काळी. कॅमेऱ्याला दिसतो एक काळा डाग. फ्लोरिडाच्या उन्हात सगळेजण सनस्क्रीन चोपडून येतात, तिचेही हेच, तेलाचा अपवर्तनांक तर पाण्याहूनही जास्त. ग्लासच्या प्रयोगात बोटे ओली करून पुन्हा धरा, मघाच्या रेखीव रेषा पुसट झालेल्या दिसतील.

कोरड्या बोटाची अडचण याच्या नेमकी उलट आहे, आणि हा भाग थोडा अवघड असला तरी मला सोडवत नाही. पूर्ण परावर्तन होते तेव्हा प्रकाश काचेच्या कडेवरून तसाच्या तसा उलटत नाही. त्याचा अगदी पातळ पदर काचेच्या बाहेर डोकावतो. तो पुढे जात नाही, काचेपासून दूर जावे तसा झपाट्याने विरत जातो. आपल्या ४५ अंशांच्या मांडणीत त्याची खोली मिलिमीटरच्या एक-दोन दशसहस्रांश भागाएवढी येते. एवढ्या अंतरात कातडी आली तरच ती त्या प्रकाशाला ओढून घेऊ शकते. त्याहून थोडी जरी लांब राहिली तरी काचेच्या लेखी ती नाहीच. आयुष्यभर भांडी घासलेल्या, माती कालवलेल्या, उतारवयात घाम कमी झालेल्या बोटांचे उंचवटे झिजलेले आणि कडक असतात. ते काचेवर टेकल्यासारखे वाटतात, पण मध्ये हवेची बारीकशी फट राहते. सगळी काच उजळ, चित्रात फक्त तुटक ठिपके.

सासूबाईंचे बोट त्या दुपारी या दोन्हींत सापडले होते. झिजलेले उंचवटे, आणि वर खाचांतून पाणी. शिवाय भिजल्यामुळे सुरकुतलेली कातडी. (कातडी पाणी पिऊन फुगते म्हणून सुरकुत्या पडतात असे आपण सर्रास म्हणतो, पण बोटाची चेता तुटलेली असेल तर कितीही वेळ पाण्यात ठेवा, नेहमीसारख्या सुरकुत्या पडत नाहीत. चेतासंस्था आतल्या रक्तवाहिन्या आवळते आणि कातडी आत ओढली जाते.)

यावर एक सुंदर तोड निघाली. वरचा पृष्ठभाग दगा देतो, तर आत बघायचे. आपल्या बोटावरची नक्षी ही फक्त वरची कोरीव नाही. बाह्यत्वचेखाली अंतस्त्वचेचे बारीक उंचवटे असतात, वरच्या प्रत्येक कंगोऱ्याखाली त्यांच्या दोन रांगा, आणि त्यांत केशवाहिन्यांची वेटोळी. वरची नक्षी झिजली तरी खालची जागेवर असते. म्हणूनच किरकोळ खरचटले, भाजले, तरी बोट बरे झाल्यावर तोच ठसा परत येतो.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्क शहरातल्या ल्युमिडाइम कंपनीने ही आतली नक्षी वाचणारे यंत्र केले. त्यामागचे लोक आधी सुई न टोचता, नुसत्या प्रकाशाने रक्तातली साखर मोजता येते का या खटपटीत होते. प्रत्येकाची कातडी प्रकाशाशी वेगळी वागते हीच तिथली डोकेदुखी होती, आणि तिचाच इथे उपयोग झाला. हे यंत्र क्षणार्धात बोटाची अनेक छायाचित्रे घेते, वेगवेगळ्या रंगांच्या प्रकाशात. निळा-हिरवा प्रकाश रक्तातले हिमोग्लोबिन शोषून घेते, लाल खोलवर जातो. शिवाय ध्रुवीभवनाची युक्ती: प्रकाश एका दिशेने ध्रुवित करून, म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेत डोलतील असा, सोडायचा आणि कॅमेऱ्यासमोर त्याच्या काटकोनातली गाळणी लावायची. कातडीच्या वरच्यावर परतलेला प्रकाश आपली दिशा राखून असतो, तो गाळणीत अडतो. आत शिरून इकडेतिकडे विखुरलेला प्रकाश दिशा हरवून बसतो, त्याचा काही भाग गाळणीतून पार होतो. म्हणजे कॅमेऱ्यापर्यंत पोचतो तो मुख्यत्वे कातडीच्या आतून आलेला प्रकाश. पाणी, सनस्क्रीन, कोरडेपणा यांची आडकाठी बरीच कमी होते. डिस्नेच्या दारांवर याच पद्धतीची यंत्रे आली.

याचा आणखी एक फायदा. २००२ साली जपानमध्ये योकोहामाच्या त्सुतोमु मात्सुमोतो यांनी जिलेटिनची, म्हणजे जेलीच्या खाऊसारखी, खोटी बोटे करून ११ यंत्रांवर लावली आणि ती मोठ्या प्रमाणावर खरी म्हणून स्वीकारली गेली. आत रक्त आहे का हे बघणाऱ्या यंत्राला फसवणे त्याहून बरेच कठीण.

ही नक्षी येते कुठून? गर्भारपणाच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. बोटाच्या उशीचा मध्य, नखाकडची कड आणि पेरावरची वळी इथून उंचवट्यांच्या लाटा निघतात आणि जिथे भिडतात तिथे आकार ठरतो. २०२३ मध्ये एडिंबरा विद्यापीठाच्या गटाने दाखवले की प्राण्यांच्या अंगावरची नक्षी ज्या प्रकारच्या रासायनिक चढाओढीतून उमटावी असे अ‍ॅलन ट्युरिंग या गणितज्ञाने १९५२ साली सुचवले होते, त्याच प्रकारची चढाओढ इथे चालते. आपल्याकडे आज्या दहा बोटांवरची शंख-चक्रे मोजायच्या, तेवढ्यापुरते ठीक. पण आता पुण्या-मुंबईत याच ठशांवरून मुलाची बुद्धिमत्ता आणि करिअर सांगणाऱ्या 'डीएमआयटी' चाचण्या हजारो रुपये घेऊन विकल्या जातात, शाळांच्या सभागृहांत त्यांची शिबिरे भरतात. शंख पडला की चक्र, हे त्या इवल्या उशीचा आकार आणि लाटांच्या वेळा यांवर ठरते. त्यात मुलगा इंजिनिअर होईल की गायक, हे कुठेही लिहिलेले नसते. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही या चाचण्यांना शास्त्रीय आधार नाही असे जाहीर केले आहे. कृपा करून पैसे घालवू नका, आणि त्याहून महत्त्वाचे, मुलाच्या कपाळी असला शिक्का मारू नका.

राहिला ग्रुपवरचा निरोप. डिस्नेचे म्हणणे असे की बोटाचे चित्र ठेवत नाही, त्यावरून एक संख्या तयार करतो आणि चित्र लगेच टाकून देतो. ते खरे असेल तर पोलिसांकडे पाठवायला चित्रच उरत नाही. मात्र 'संख्येवरून ठसा परत बनवताच येत नाही' असे जे सर्रास छापले जाते, तेही मी मान्य करणार नाही. रेषा कुठे संपते, कुठे दुभंगते, अशा नुसत्या बिंदूंच्या नोंदीवरून ठसा पुन्हा रेखाटता येतो हे अरुण रॉस, अनिल जैन आणि सहकाऱ्यांनी २००७ सालीच दाखवले होते. पासवर्ड बदलता येतो, तर्जनी नाही. म्हणून विचारून घेणे महत्त्वाचे. शिकागोजवळच्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अमेरिका पार्कने २०१४ मध्ये सीझन पाससाठी १४ वर्षांच्या एका मुलाचा अंगठा घेतला. त्याची आई कोर्टात गेली, कारण त्या इलिनॉय राज्यात २००८ पासून अशा नोंदींसाठी लेखी संमती लागते. २५ जानेवारी २०१९ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की प्रत्यक्ष नुकसान झाल्याचे दाखवले नाही तरी दाद मागता येते. २०२१ मध्ये ३.६ कोटी डॉलरवर तडजोड झाली. करोनाच्या काळात काचेला बोट लावणेच नको झाले, तेव्हा डिस्नेनेही बोट घेणे थांबवले होते आणि २०२१ च्या वसंतात आपल्या मॅजिक किंगडम पार्कच्या दारावर महिनाभर चेहरा ओळखण्याची चाचणी घेतली होती.

गावी परतल्यावर सासूबाईंना मी ग्लासचा प्रयोग दाखवला. कोरडे बोट, मग ओले बोट. त्या बराच वेळ ग्लास फिरवून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, रेशनच्या दुकानात अंगठा लागेना की बायका तो आधी केसांतून फिरवतात, कुणी नाकाच्या शेंड्यावर घासतात, आणि मग लागतो. बरोबरच आहे. कोरड्या उंचवट्याला तेलाचा तो पातळ हात बसला की काच आणि कातडी यांच्यामधली बारीकशी फट बुजते, पण खाचा भरण्याएवढे तेल तिथे नसते, त्यांत हवा तशीच राहते. पुढच्या महिन्यात त्यांनी तसेच केले. दुसऱ्या खेपेला अंगठा लागला.