सेल्फ उचलत नाही म्हणजे सेल्फच गेला असं नाही

जुन्या ट्रकची चावी फिरवली आणि नुसता ‘टक’ आवाज आला की बहुतेक लोक लगेच ठरवून टाकतात, सेल्फ गेला, उतरवा खाली. मग नवीन सेल्फ बसतो आणि गाडी तरीही टकटकच करते, कारण खरा दोष बॅटरीच्या टर्मिनलवर साचलेल्या पांढऱ्या बुरशीसारख्या गंजात किंवा चेसिसला जोडलेल्या अर्थिंगच्या केबलमध्ये असतो. माझं ठाम म्हणणं आहे की सेल्फ खोलायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं मल्टीमीटर घेऊन बसावं, कारण व्होल्टेज नेमकं कुठे गळतंय ते मीटर बरोबर दाखवतो.

आधी सेल्फचं काम काय ते बघू. इंजिनाला सुरुवातीला फिरवून चालू करणारी ही एक डीसी मोटर असते, आणि जुन्या ट्रकमध्ये बहुतेक वेळा सिरीज प्रकारची, म्हणजे फिल्ड कॉइल (बाहेरची स्थिर कॉइल) आणि आर्मेचर (आतला फिरणारा भाग) दोन्हीतून एकच करंट जातो. मोटर थांबलेली असताना तिच्यात उलटं व्होल्टेज तयार होत नाही, त्यामुळे पहिल्या क्षणी करंट प्रचंड असतो, मोठ्या डिझेल इंजिनाला कित्येकशे अँपिअर लागतात. आणि सिरीज मोटरचा जोर साधारण करंटच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, करंट निम्मा झाला की जोर जवळजवळ पावपटच उरतो. म्हणून वाटेत थोडंसं व्होल्टेज गळलं तरी इंजिन एकदम मेल्यासारखं फिरतं.

आता हिशोब करून बघा. एखाद्या सैल किंवा गंजलेल्या जोडावर फक्त 0.01 ओहम रेझिस्टन्स आहे, घरातल्या वायरिंगमध्ये कोणी ढुंकूनही बघणार नाही इतका कमी, पण त्यातून 300 अँपिअर गेले तर 3 व्होल्ट तिथेच संपतात आणि त्या एका जोडावर 900 वॅट उष्णता तयार होते, म्हणजे जवळपास कपड्याच्या इस्त्रीएवढी. त्यामुळे थोडा वेळ सेल्फ मारून बंद केल्यावर टर्मिनलजवळ हात नेऊन बघा (जपून, चटका बसू शकतो), जो जोड बाकीच्यांपेक्षा जास्त तापलाय तो चोर.

आवाजावरून बरंच कळतं. चावी धरून ठेवल्यावर टकटकटकटक असा भराभर आवाज आला तर पहिला संशय बॅटरीवर किंवा तिच्या जोडांवर घ्यायचा. सोलेनॉइडमध्ये, म्हणजे सेल्फवरच्या विजेने ओढल्या जाणाऱ्या मोठ्या स्विचमध्ये, दोन कॉइल असतात, एक प्लंजर (आतला सरकता लोखंडी दांडा) जोरात ओढणारी आणि दुसरी त्याला धरून ठेवणारी. प्लंजर आत गेला की मोठा कॉन्टॅक्ट जुळतो, मोटर करंट मागते, कमजोर बॅटरीचं व्होल्टेज धाडकन कोसळतं, धरून ठेवणारी कॉइल सोडून देते, कॉन्टॅक्ट तुटला की व्होल्टेज परत वर येतं, प्लंजर परत आत, आणि हेच चक्र चालू राहतं. एकच दमदार ‘टक’ येऊन शांतता झाली तर हेडलाईट लावून परत चावी फिरवा. लाईट जशाच्या तशा उजळ राहिल्या तर मोटरपर्यंत करंट पोचतच नाहीये, सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळलेत किंवा कार्बन (फिरत्या आर्मेचरला करंट पोचवणारे ब्रश) संपलेत. लाईट एकदम मंद झाल्या तर एकतर बॅटरी उतरलीय, नाहीतर मोटर किंवा इंजिन जाम आहे आणि करंट भरमसाठ जातोय. मोटर जोरात सूं करून फिरते पण इंजिन हलत नाही, तर बेंडिक्समधला (मोटरचा गिअर इंजिनाला जोडणारा भाग) क्लच घसरतोय. आणि अजिबात आवाजच नसेल तर चावीचा स्विच, रिले, न्यूट्रलचा स्विच असेल तर तो, ही बारीक वायरची बाजू आधी तपासायची.

कार्बन फार झिजले तरी कधीकधी टक सुद्धा येत नाही, आणि याचं कारण मला स्वतःला फार आवडतं. प्लंजर ओढणाऱ्या कॉइलचं दुसरं टोक सरळ बॉडीला नसतं, ते मोटरमधून जाऊन अर्थ होतं, म्हणजे कार्बन टेकत नसतील तर त्या कॉइलचा रस्ताच तुटतो. अशा वेळी सेल्फच्या अंगावर हलकेच ठोकलं की कार्बन सरकून कॉम्युटेटरला (आर्मेचरवरचा तांब्याचा भाग, ज्यावर कार्बन घासतात) टेकतात आणि गाडी चालू होते. ठोकून चालू झाली म्हणजे दुरुस्त झाली असं मात्र समजू नका, तो कार्बन बदलायचा इशारा आहे. आणि नंतरच्या काळातला कायमचुंबकवाला सेल्फ बसवलेला असेल तर हातोडी लांबच ठेवा, आतले चुंबक ठिसूळ असतात, तडकतात.

आता मोजमाप. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकाखाली अडसर, आणि इंजिन चालू होऊ नये म्हणून डिझेल बंद करायची स्टॉपची दोरी ओढून ठेवलेली. काही तास उभ्या असलेल्या गाडीत 12 व्होल्टची बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर साधारण 12.6 दाखवते, 12.2 म्हणजे निम्मी उतरलेली, दोन बॅटऱ्यांची 24 व्होल्टची गाडी असेल तर दुप्पट धरा. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा, त्या वेळी 12 व्होल्टच्या बॅटरीवर 9.6 च्या खाली जायला नको. गेलं तर आधी बॅटरी चार्ज करून परत तपासा, सेल्फवर आत्ताच आळ घेऊ नका.

बॅटरी बरी निघाली की गळतीची टेस्ट. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसच्या खांबावर, दुसरी सेल्फच्या जाड केबलच्या बोल्टवर, आणि सेल्फ मारायचा. पिन क्लॅम्पवर नाही तर खांबावरच टेकवा, नाहीतर नेमका तोच जोड मोजायचा राहून जातो. 12 व्होल्टच्या गाडीत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर केबल किंवा जोड खराब. मग मायनसचा खांब आणि सेल्फची बॉडी, तिथे 0.2-0.3 च्या वर नको, जुन्या ट्रकमध्ये दोष इथेच निघतो असा माझा अंदाज बहुतेक वेळा खरा ठरतो, कारण अर्थिंगची पट्टी वर्षानुवर्षं चिखल-पाणी खात असते आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. शेवटी सोलेनॉइडच्या दोन मोठ्या बोल्टच्या मध्ये मोजा, चावी सोडलेली असताना पूर्ण बॅटरी व्होल्टेज आणि सेल्फ मारताना जवळजवळ शून्य यायला हवं. सेल्फ मारतानाही मोठा आकडा दिसला तर आतला कॉन्टॅक्ट जळलाय. हेच दोन बोल्ट पान्याने जोडून बघायची सवय बऱ्याच जणांना असते, ती सोडा, ठिणगी मोठी पडते आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो.

गाडी सकाळी छान चालू होते आणि लांबून आल्यावर गरम असताना सेल्फ ओढत नाही, असंही होतं. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण 0.39 टक्के वाढतो, म्हणजे एक्झॉस्टशेजारचा सेल्फ 100 अंशांनी तापला तर जवळपास 39 टक्के जास्त. धडधाकट सेल्फ हे सहन करतो, झिजलेला नाही करत. म्हणूनच एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर सेल्फ मारू नये, मधे दोनेक मिनिटं थंड होऊ द्यावा.

हे सगळं ठीक निघालं आणि तरीही इंजिन जडच फिरत असेल, तर मग सेल्फ उतरवा, आधी बॅटरीची मायनस केबल काढून. कार्बनची लांबी, कॉम्युटेटरवरचे जळके डाग आणि बुश (आर्मेचरचा दांडा जिच्यात फिरतो ती कडी) बघा, बुश झिजली की आर्मेचर फिल्डला घासतं आणि आत चकाकत्या रेघोट्या दिसतात. आणि सेल्फ बाहेर आहेच तर त्या भोकातून टॉर्च मारून रिंग गिअरचे (इंजिनाच्या फ्लायव्हीलवरच्या दातेरी कड्याचे) दात सगळीकडून बघून घ्या, इंजिन हाताने फिरवत फिरवत. इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनमुळे ठराविक जागीच थांबतं, चार सिलिंडरचं दोन ठिकाणी, सहाचं तीन ठिकाणी, त्यामुळे दात तेवढ्याच जागी खाल्लेले सापडतात. पाच वेळा नीट आणि सहाव्यांदा करकर असा आवाज येत असेल तर तो यामुळेच, आणि तसाच नवीन सेल्फ चढवला तर त्याचं पिनियन (रिंग गिअरमध्ये अडकणारा छोटा गिअर) पण थोड्याच दिवसात कुरतडलं जातं.