पदकाची कड तपासा, चेहरा नंतर

सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या काही घरांत पहिल्या महायुद्धावर गेलेल्या पणजोबांचं पदक अजून ट्रंकेच्या तळाशी असतं. तसंच पदक जुन्या बाजारात किंवा ऑनलाइन दिसलं की प्रश्न पडतो, अस्सल की नक्कल?

ब्रिटिश वॉर मेडलच घ्या. एका बाजूला पंचम जॉर्जचा चेहरा, दुसरीकडे घोडेस्वार आणि टापांखाली प्रशियाची ढाल. व्यास ३६ मिमी. चांदीची सुमारे ६५ लाख पदकं वाटली गेली. भारतीय मजूर पलटणींना तेच पदक ब्राँझचं मिळालं, त्यामुळे तांबूस दिसतं म्हणून लगेच खोटं ठरवू नका.

टांकसाळीत पदक पाडतात. पोलादी ठशांच्या प्रचंड दाबाखाली धातू ठशाच्या कानाकोपऱ्यात सरकतो. त्यामुळे अक्षरांच्या कडा धारदार येतात आणि मधली सपाट जागा गुळगुळीत राहते. नक्कल करणारा बहुधा अस्सल पदकाचा साचा घेऊन त्यात धातू ओततो. ओतीव धातूत हवेचे बुडबुडे अडकतात. दहापट भिंगातून पाहिलं तर बारीक खड्डे दिसतात, घोड्याची आयाळ बुजल्यासारखी वाटते, कधी कडेवर साच्याच्या जोडाची रेघही सापडते. शिवाय थंड होताना धातू आकसतो, साधारण एक-दोन टक्के. म्हणजे ३६ मिमीचं पदक साडेपस्तीसच्या आसपास येतं. व्हर्नियर कॅलिपर हा फरक सहज पकडतो.

ओतीव म्हणजे खोटं, असा सरसकट नियम मात्र करता येत नाही. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचा शौर्यासाठीचा सर्वोच्च सन्मान, ओतीवच असतो. त्याचा ब्राँझ इतका कठीण निघाला की ठसेच तडकू लागले, म्हणून तो ओतून वर हाताने कोरकाम करायची पद्धत पडली. १९४४ साली इटलीत मराठा लाइट इन्फंट्रीच्या यशवंत घाडगे यांना मरणोत्तर मिळालेला सन्मान हाच.

माझ्या मते खरी परीक्षा कडेवर होते. ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. ठोकलेल्या अक्षरात धातू बाजूला दाबला जातो. कोरलेल्या अक्षरातला धातू निघून जातो आणि तिथे तिरकी चीर राहते. लेझरने काढलेल्या अक्षराच्या काठाला वितळून गोठलेला खडबडीतपणा दिसतो. सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे पदक अस्सल, पण मूळ नाव कानशीने घासून दुसरं, जास्त किमतीचं नाव घातलेलं. अशा वेळी व्यास चार-पाच दिशांनी मोजावा. घासलेल्या जागी तो कमी भरतो.

धातू ओळखायला आर्किमिडीजची युक्ती पुरते. ग्रॅमचा दशांश दाखवणारा काटा हवा. आधी फीत काढून पदक तोला, मग दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून टांगतं ठेवून तोला. हवेतल्या वजनाला दोन्ही वजनांतल्या फरकाने भागलं की घनता मिळते. स्टर्लिंग, म्हणजे ९२.५ टक्के शुद्ध चांदीची घनता १०.३ ते १०.४ येते, पितळेची साडेआठच्या आसपास, आणि स्वस्त नकलांच्या जस्ताच्या मिश्रधातूची सातच्याही खाली. सराफाकडचं क्ष-किरण यंत्र चटकन उत्तर देतं, पण ते फक्त वरचा पातळ थर वाचतं. जाड मुलामा असला तर तेही फसतं.

चांदीवरचा काळपटपणा हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे हळूहळू चढतो. तो खाचांत दाट आणि हात लागणाऱ्या उंचवट्यांवर विरळ असतो. रसायनाने झटपट आणलेली काळिमा बहुतेक सगळीकडे सारखी पसरते. म्हणून कृपा करून घरातलं पदक भांड्यांच्या पावडरीने लख्ख करू नका; त्यात हा पुरावा तर जातोच, अक्षरंही झिजतात.

उरली फीत. अतिनील दिव्याखाली ती निळसर-पांढरी चमकली, तर धाग्यात शुभ्रता वाढवणारी रसायनं आहेत. ती दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास आणि नंतर प्रचारात आली. अर्थात, ही रसायनं कपडे धुण्याच्या पावडरीतही असतात, त्यामुळे जुनी पण धुतलेली फीतही चमकू शकते. आणि फीत नवी ठरली तरी पदक नवं ठरत नाही. फिती झिजतात, बदलल्या जातात. अस्सल पदकाला नवी फीत आणि नकली पदकाला जुनी फीत, दोन्ही जोड्या बाजारात मिळतात.