आसन घेतलंत, आता बसायचं कसं?

आमच्याकडून ध्यानाचं आसन नेणारे ग्राहक दोन प्रश्न हमखास विचारतात. रोज किती वेळ बसायचं, हा पहिला. दुसरा जरा दबक्या आवाजात येतो: "डोळे मिटले की विचारच जास्त येतात, माझं काही चुकतंय का?" या पत्रकातली बरीचशी जागा आम्ही दुसऱ्या प्रश्नाला दिली आहे, कारण हौसेनं घेतलेलं आसन कोपऱ्यात जाऊन पडतं ते बहुतेक वेळा त्याच्यामुळेच.

तर, काही चुकत नाही. विचार डोळे मिटल्यामुळे येत नाहीत, ते दिवसभर चालूच असतात. हार्वर्ड विद्यापीठातले मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांचा २०१० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. लोकांना दिवसातून अधूनमधून फोनवर विचारायचं, आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे? जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतंच. आणि मन भटकत असताना लोक एरवीपेक्षा कमी खूश होते. शांत बसल्यावर या भटकण्याचा पत्ता लागतो, एवढंच.

ध्यानात करायचं काय, तर लक्ष एका जागी ठेवायचं, ते निसटलं की ओळखायचं आणि परत आणायचं. वीस वेळा निसटलं तर वीस वेळा आणायचं. सारा सराव आहे तो या परत आणण्याचा. गीतेच्या सहाव्या अध्यायातही चंचल मन जिथे जिथे धावेल तिथून तिथून आवरून आणावं, असंच सांगितलं आहे. मन धावणारच, हे त्यात गृहीतच धरलेलं आहे. 'मन कोरं करा' असं सांगणाऱ्यांच्या नादी न लागलेलं बरं.

लोक बसतात कशासाठी?

कुणी श्रद्धेनं बसतं, कुणी झोप लागत नाही म्हणून, कुणाला आपल्या तापट स्वभावाचा आपल्यालाच कंटाळा आलेला असतो. काहींना डॉक्टरांनी सुचवलेलं असतं. दवाखान्यात ध्यान रुजलं त्यात जॉन कबात-झिन यांचा वाटा मोठा. १९७९ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात काही आठवड्यांचा वर्ग सुरू केला. जुनाट दुखण्यांनी बेजार झालेले, औषधांनी पुरेसा आराम न पडलेले रुग्ण तिथे येत. दुखणं पळवून लावायचं आश्वासन त्यांना कुणी देत नसे. दुखतंय ते दुखतंय, पण 'आता हे असंच राहणार, माझं काही खरं नाही' ही वरून चढलेली भीती वेगळी ओळखता येते का, हे तिथे शिकवलं जाई.

आम्ही आसनं विकतो, तेव्हा ध्यानाचे गोडवे गाणं आमच्या फायद्याचंच आहे. तरी सांगतो ते मापात. ४७ चाचण्या आणि साडेतीन हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासणारा एक आढावा २०१४ साली आला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत ध्यानानं थोडाफार उतार पडतो, असं त्यात दिसलं. व्यायामापेक्षा किंवा औषधांपेक्षा ध्यान सरस ठरतं, असं मात्र दिसलं नाही. त्यामुळे रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ती चालूच ठेवा. ध्यान तिच्या जोडीनं करायचं, तिच्याऐवजी नाही.

आता बैठक

इथे घाई करू नका. पहिल्या आठवड्यात मन कमी आणि गुडघेच जास्त त्रास देतात.

आसनाच्या मधोमध बसू नका. पुढच्या कडेकडे सरका, बूड आसनावर आणि मांड्या पुढे उतरत्या. खुबे गुडघ्यांपेक्षा उंच राहिले की कमरेची नैसर्गिक खळ टिकते आणि पाठ आपसूक सरळ होते. खुबे खाली राहिले तर कंबर मागे कलते, पाठीला पोक येतो आणि मग 'ताठ बसा' म्हणून स्वतःला कितीही दटावलं तरी दोन मिनिटांत खांदे खाली येतात. पुरेशी उंची मिळाली की नाही हे बघायची सोपी युक्ती आहे: मांडी घालून बसल्यावर गुडघ्याखाली तळहात सरकवा. हात मोकळा आत गेला, म्हणजे गुडघा अधांतरी आहे. बुडाखाली एक घडी घातलेली चादर वाढवा, नाहीतर त्या गुडघ्याखाली उशी द्या. आसन फार उंच नको, फार नीच नको, हेही गीतेच्या त्याच अध्यायात आहे. आमचा धंदा तसा बराच जुना म्हणायचा.

पद्मासनाचा हट्ट सोडा. साधी मांडी चालते. गुडघ्याचं दुखणं असेल तर सरळ खुर्चीवर बसा. पावलं जमिनीला टेकलेली, पाठ शक्यतो टेकवलेली नाही. त्यासाठी आमचं आसन लागत नाही, आणि घेऊही नका.

पायाला मुंग्या आल्या तर बहुधा एखादी नस दाबली गेलेली असते. सोसत बसण्यात काही पुण्य नाही, सावकाश पाय बदला. पाय बधिर असताना मात्र लगेच उठू नका, तोल जाऊन पडायला होतं.

मग श्वास

श्वास लांबवायचा नाही, रोखायचा नाही. तो चालूच आहे, फक्त त्याच्याकडे लक्ष द्यायचं. नाकपुडीच्या आत येताना किंचित गार, जाताना किंचित उबदार. ते जाणवत नसेल तर पोटाची हालचाल बघा. हवं तर उच्छ्वास मोजा, दहापर्यंत जाऊन पुन्हा एकपासून.

चारपर्यंत जाल आणि सकाळी आलेला एक निरोप आठवेल. त्याला काय उत्तर द्यायचं, मग तो काय म्हणेल, त्यावर आपण काय सुनवायचं. अख्खं भांडण मनात रंगून, वर आपण जिंकूनही होतं, आणि मग लक्षात येतं की मोजणी कधीच सुटली. लक्षात आलं तो क्षण चांगला. स्वतःवर चिडू नका, भांडण पुरं करायला परत जाऊ नका. पुन्हा एक.

पेंग येत असेल तर डोळे अर्धवट उघडून समोर खाली बघा. झेन या बौद्ध परंपरेत ध्यानाला बसणारे असेच बसतात. तरीही डुलक्या लागल्या तर तुम्हाला झोपेची गरज आहे, जाऊन झोपा.

वेळ: सुरुवातीला दहा मिनिटं पुष्कळ. रोज होतंच अशा एखाद्या कामाला जोडून घ्या, जसं दात घासल्यावर लगेच. फोनवर गजर लावा, पण इतर आवाज बंद करून. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट बसून भरपाई करू नका. तसं करणाऱ्यांचे नव्याचे नऊ दिवस लवकर संपतात.

आसनावरून उठल्यावरही हे करता येतं. व्हिएतनामचे भिक्खू थिच न्हात हान्ह फोनची घंटा वाजली की लगेच न उचलता आधी श्वासावर या, असं शिकवत. लिफ्टची वाट बघताना, भांडी घासताना हातांवरच्या पाण्याकडे लक्ष देतानाही हेच होतं.

कुणी जपून करावं

श्वासाकडे लक्ष दिल्यावर काहींची छाती भरून येते, धडधड वाढते. अशा वेळी डोळे उघडा आणि लक्ष तळपायांवर किंवा आजूबाजूच्या आवाजांवर न्या. तरी शांत वाटलं नाही तर तेवढ्यावर थांबा. पूर्वी मोठा मानसिक आघात झाला असेल, तीव्र नैराश्य असेल, भास होत असतील किंवा त्यावर उपचार चालू असतील, तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. विपश्यनेच्या दहा दिवसांसारख्या लांब, मौनातल्या शिबिराला जाणार असाल तर अर्जात प्रकृतीची माहिती लपवू नका.

आसनाची देखभाल

खोळीला चेन आहे, ती उघडून खोळ काढा आणि हातानं धुवा. आतली गादी धुऊ नका, अधूनमधून उन्हात टाका. रोजच्या वापरानं कापूस दबतो आणि उंची उतरते. गुडघा पुन्हा अधांतरी व्हायला लागला तर आसन आमच्याकडे पाठवा, कापूस भरून देऊ. नव्या आसनाची उंची पहिल्यापासूनच जमत नसेल तरीही कळवा. खोळ धुण्याआधी कळवलंत तर बदलून देणं सोपं जातं.