जर्मन युद्धप्रचाराची भित्तिपत्रके

पहिल्या (१९१४–१८) आणि दुसऱ्या (१९३९–४५) महायुद्धांत जर्मन नागरिकांकडून पैसा, श्रम व पाठिंबा मिळवण्यासाठी काढलेली सचित्र रंगीत पत्रके.

ही कला घडली ती जाहिरातींच्या बाजारात. विसाव्या शतकाच्या आरंभी ल्यूसियन बर्नहार्ट याने प्रीस्टर काडेपेटीच्या जाहिरातीत दोन काड्या आणि कंपनीचे नाव एवढेच ठेवले. बाकी सगळे गाळले. चालता चालता एका नजरेत कळावे, हा बर्लिनमधील या शैलीचा दंडक होता. पुढे तीच नेमकी नजर युद्धाच्या कामी आली. हान्स रुडी एर्ट याच्या १९१७ सालच्या पाणबुडीपटाच्या जाहिरातीत ‘यू’ (पाणबुडीच्या जर्मन नावाचे आद्याक्षर) हे एकच प्रचंड अक्षर, परिदर्शकाला (पेरिस्कोपला) डोळा लावलेला अधिकारी आणि दूरवर बुडणारे जहाज आहे. बर्नहार्टने स्वतः जाड गॉथिक अक्षरांवर चिलखती मूठ उगारली आणि शांततेचा मार्ग हाच, तेव्हा युद्धकर्जाचे रोखे घ्या, असे बजावले.

सरकारने अशी नऊ कर्जे उभारली. त्यांतून सुमारे ९८ अब्ज मार्क जमले. त्यांतील सहाव्या कर्जासाठी म्युनिकच्या फ्रिट्स एर्लरने काढलेले चित्र सर्वांत गाजले. काटेरी तारांपाशी उभा शिपाई, डोक्यावर पोलादी शिरस्त्राण, छातीवर वायुमुखवटा आणि दूर कुठेतरी खिळलेले चमकते डोळे. त्या डोळ्यांवर भरवसा ठेवून ज्यांनी पुंजी गुंतवली, त्यांचे रोखे १९२३ च्या चलनफुगवट्यात मातीमोल झाले.

नाझींनी या कलेत द्वेष भरला. म्युनिकचा नामवंत चित्रकार लुडविग होलवाइन १९३३ मध्ये पक्षात दाखल झाला. प्रचारमंत्री गोबेल्सच्या मर्जीतला चित्रकार हान्स श्वाइट्सर ‘म्योल्निर’ (नॉर्स पुराणांतील थॉर देवाचा हातोडा) अशी सही करी. त्याच्या १९४३ च्या चित्रात ज्यूंवर सक्तीचा असलेला पिवळा तारा लावलेल्या माणसाकडे एक बोट रोखलेले आहे आणि युद्धाचा दोषी हाच, असा मजकूर आहे. ज्यूंचा संहार त्या वेळी चालूच होता, त्यामुळे हे चित्र निव्वळ शैलीचा नमुना म्हणून पाहता येत नाही.

बर्लिनचे ज्यू दंतवैद्य हान्स झाक्स यांनी ‘दास प्लाकाट’ या नियतकालिकातून (१९१०–२१) या कलेला प्रतिष्ठा मिळवून दिली होती. त्यांचा सुमारे १२,५०० भित्तिपत्रकांचा संग्रह १९३८ मध्ये नाझींनी जप्त केला. त्यातील उरलेली पत्रके २०१२ च्या न्यायालयीन निकालानंतर त्यांच्या मुलाला परत मिळाली.