अर्ध्या सेकंदाने पकडून दिलेली चोरवाट

‘कोड सगळ्यांसमोर उघडा आहे, मग त्यात काळंबेरं कसं असेल?’ ओपन सोर्सची भलामण करताना हा युक्तिवाद हमखास ऐकू येतो. पण कोड उघडा असणं वेगळं आणि तो कुणी वाचलेला असणं वेगळं.

मार्च 2024. पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारे अँड्रेस फ्रॉइंड डेबियन या लिनक्सच्या प्रकारावर वेगाच्या चाचण्या घेत होते. दूरच्या संगणकात सुरक्षितपणे लॉगिन करून देणाऱ्या एसएसएचला जिथे 0.3 सेकंद पुरायचे, तिथे आता 0.8 लागत होते. त्यांनी त्या अर्ध्या सेकंदाचा पिच्छा पुरवला आणि 29 मार्चला जाहीर केलं: फाइली दाबून लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’च्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरवाट (बॅकडोर) आहे.

ती लपवली कशी, ते बघण्यासारखं आहे. अशा सॉफ्टवेअरच्या चाचणीसाठी मुद्दाम बिघडवलेल्या फाइली ठेवाव्याच लागतात; त्यांच्यात डोकावून कुणाला काय कळणार? चोरवाटेचा कोड तिथेच होता. एक फाइल वरवर खराब दिसे. पण तिच्यातल्या टॅबच्या जागी स्पेस, स्पेसच्या जागी टॅब, हायफनच्या जागी अंडरस्कोअर अशी अदलाबदल केली की ती धडधाकट होऊन उलगडे. ही अदलाबदल सुरू करून देणारी ओळ सगळे पाहतात त्या गिट भांडारात, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद असते तिथे, नव्हतीच. ती फक्त वाटपासाठी बांधलेल्या टारबॉलमध्ये, म्हणजे कोडच्या गठ्ठ्यात होती. एसएसएच स्वतः एक्सझेड वापरत नाही. पण डेबियन आणि फेडोरा हे लिनक्सचे प्रकार तेव्हा त्याला सिस्टमडीशी, म्हणजे लिनक्सवरच्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमशी जोडत, सिस्टमडीमागून एक्सझेडची लायब्ररी येई आणि ती लॉगिनच्या वेळी डिजिटल सही तपासणारं फंक्शनच बदलून टाकी.

हे करणारा ‘जिया टॅन’ या नावाने 2021पासून चांगले पॅच, म्हणजे कोडमधल्या सुधारणा, पाठवत होता. प्रकल्प सांभाळणारा मूळ माणूस एकच, तोही बिनपगारी. त्याने विश्वासाने प्रकल्पाच्या किल्ल्या जिया टॅनला दिल्या.

यावरून ‘बंद सॉफ्टवेअरच बरं’ म्हणणाऱ्यांचं मला अजिबात पटत नाही. फ्रॉइंड यांचा एक्सझेडशी काही संबंध नव्हता, तरी कुणाची परवानगी न घेता ते आतपर्यंत पोचले. बंद पेटीत तो अर्धा सेकंद तक्रार म्हणून नोंदवला गेला असता, एवढंच.

डेबियनच्या स्थिर आवृत्तीत हे शिरायच्या आत सापडलं. सर्व्हरवर स्थिर आवृत्तीच ठेवा. आणि नवं सॉफ्टवेअर घेताना, गेल्या वर्षभरात त्यात किती वेगवेगळ्या माणसांनी बदल केले ते गिटमध्ये पाहा. पाच मिनिटांचं काम आहे.